नुक्ते कुठे गेले?

गेल्या महिन्यात आमच्या अब्बांनी चष्मा रुमालाने पुसला, डबीत घातला आणि कपाटात ठेवून दिला. रागाने नव्हे, अगदी शांतपणे. म्हणाले, "बेटा, अब नजर गई." शहात्तर वर्षांच्या माणसाने असे म्हटले की घरातले सगळे थोडे हळहळतात आणि मान डोलावतात. आम्हीही तेच केले. आमची चूक झाली ती तिथेच. या सदरात आम्ही बहुधा मुलांच्या अभ्यासाविषयी लिहितो. या वेळी एका मॉनिटरविषयी लिहीत आहोत, कारण ज्यांच्या घरी नुकताच नवा मॉनिटर आला आहे त्यांच्याकडेही हेच चालू असेल आणि कोणाच्या लक्षात आले नसेल, अशी आम्हाला भीती वाटते.

अब्बा कातिब. म्हणजे होते. तरुण वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल तर सांगतो: छापायचा उर्दू मजकूर जो हाताने लिहून देतो तो कातिब. मराठीला निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी सुबक खिळे दिले आणि मराठीची छपाई खिळ्यांवर गेली. उर्दूचे तसे झाले नाही. नस्तालीक लिपीत अक्षर शेजाऱ्याला पाहून आपले रूप बदलते, शब्द वरून खाली तिरका उतरतो, आणि हे शिशाच्या खिळ्यांना काही केल्या जमेना. म्हणून उर्दूची पुस्तके आणि वर्तमानपत्रे कितीतरी काळ माणसांनी बोरूच्या कलमाने लिहिली आणि मग ती छापली गेली. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत हाताने लिहिले जात होते. अब्बांनी लग्नाचे रुक्के लिहिले, जलशांचे इश्तिहार लिहिले, काही वर्षे एका साप्ताहिकाची सगळी पाने लिहिली. आमची फी त्या कलमातून भरली गेली.

मग संगणक आला. मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या अक्षरजोडांवरून नूरी नस्तालीक तयार झाले आणि १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'चा अंक त्यात निघाला. आपल्याकडे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचे इनपेज आले आणि दोन-चार वर्षांत गावोगावच्या कातिबांचे काम थांबले. अब्बांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. उलट आमच्याकडे पहिला संगणक आला तेव्हा इनपेजमधला एक शब्द मोठा करून ते बराच वेळ पाहत बसले होते आणि म्हणाले होते, "लिखनेवाला उस्ताद था."

तर अशा माणसाला वाचायला लागते. मोतीबिंदूची दोन्ही शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे झाली. उर्दू दैनिक जिंतूरला आमच्याकडे दुपारी येते, कधी येतच नाही, आणि आले तर बारीक छपाई त्यांना जड जाते. संगणकावर वाचायची सवय धाकट्याने लावून दिली. पण मॉनिटर जुना, पंधरा इंची, चौकोनी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झाला तेव्हा मुलांच्या अम्मीने ठरवून टाकले की त्यातून आधी अब्बांसाठी मोठा मॉनिटर घ्यायचा. परभणीच्या बाजारातून बावीस इंची घेतला. एसटीत मांडीवर धरून आणला, कारण खाली ठेवायला आम्ही तयार नव्हतो आणि वर ठेवायला कंडक्टर तयार नव्हता.

घरी खोके उघडले. आत एचडीएमआय केबल निघाली. आमचा सीपीयू दहा वर्षांपूर्वीचा, त्याला मागे फक्त ती निळी, पंधरा पिनांची व्हीजीएची जागा. दुकानात फोन केला. "सर, जुनीच केबल लावा ना." लावली. चित्र आले. घरभर आनंद. अक्षरे भलीमोठी दिसत होती. आम्हाला वाटले, मोठा मॉनिटर म्हटल्यावर अक्षरे मोठी दिसणारच.

अब्बा बसले. दहा मिनिटांत उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा उठले. "नुक्ते मिल जा रे बेटा," असे म्हणाले. म्हणजे नुक्ते एकमेकांत मिसळताहेत. ज्यांना उर्दू येते त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. बे, पे, ते, से ही चार अक्षरे मुळात एकच नाव आहे. खाली एक नुक्ता म्हणजे बे, खाली तीन म्हणजे पे, वर दोन म्हणजे ते, वर तीन म्हणजे से. जीम, चे, हे आणि खे यांचेही तसेच. नुक्ता वर असला तर 'खुदा', खाली असला तर 'जुदा'. दोन आणि तीन यांतला फरक दिसेना म्हणजे वाचणे संपले, उरले ते अंदाज करणे. मराठीतही हे आहेच, फक्त आपण इतके लक्ष देत नाही. 'भाडे' आणि 'भांडे' यांच्यात एका टिंबाचेच अंतर आहे.

आम्ही काय केले? नांदेडला गेलो. एक रजा टाकली, बसने जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला. मोतीबिंदूनंतर कधीकधी बसवलेल्या भिंगामागची पातळ झिल्ली पुन्हा धूसर होते आणि लेझरने ती मोकळी करावी लागते, हे आम्ही ऐकून होतो. तेच झाले असणार असे धरून चाललो होतो. डॉक्टरांनी नीट तपासले. झिल्ली स्वच्छ. नंबर तोच. अब्बांनी समोरच्या तक्त्यावरची बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचली. "डोळे छान आहेत, वाचू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. आणि वाचकहो, आम्ही शिकले-सवरलेले लोक, बी.एड. झालेले, बसमध्ये परत येताना काय बोलत होतो? की डॉक्टरांनी घाईत पाहिले. माणसाचे म्हणणे खोटे, डॉक्टरांचे म्हणणे खोटे, पण नव्या वस्तूत काही खोट असेल हे आमच्या मनातही आले नाही. अब्बांनी त्याच संध्याकाळी चष्मा कपाटात ठेवला.

पंधरा दिवस तसेच गेले. फजरनंतर ते नुसते अंगणात बसून राहायचे.

उलगडा थोरलीने केला, आणि तोही तिच्या दादाजानच्या एका जुन्या वाक्यावरून. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते की अलिफ जाड आहे आणि नुक्ता चपटा आहे. आम्ही ते ऐकून सोडून दिले होते. थोरली दहावीत आहे. तिला वाटले, धूसर दिसणे हा डोळ्यांचा दोष असू शकतो, पण चपटे दिसणे? तिने पेंटमध्ये शिफ्ट दाबून एक चौरस काढला आणि कंपासमधली पट्टी स्क्रीनला लावली. बारा सेंटिमीटर रुंद, नऊ सेंटिमीटर उंच. संगणक ज्याला चौरस म्हणत होता तो आयत होता. मॉनिटर सगळे जग आडवे ताणून दाखवत होता आणि घरात ते फक्त एका माणसाला दिसले होते, ज्याचे डोळे गेले असे आम्ही ठरवले होते.

हे असे का होते ते थोडे सविस्तर सांगतो. आजचा सपाट मॉनिटर म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. कारखान्यातून येतानाच ठिपके मोजून बसवलेले असतात. आमच्या मॉनिटरला आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून थोडे जास्त. हे त्याचे अंगचे रिझोल्यूशन; इंग्रजीत नेटिव्ह म्हणतात. संगणकाने बरोबर तितक्याच ठिपक्यांचे चित्र पाठवले तर प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा रंग मिळतो आणि अक्षर कोरल्यासारखे दिसते. आमचा संगणक पाठवत होता १०२४ × ७६८. मॉनिटर बिचारा ते चित्र ताणून आपल्या अंगावर बसवत होता. आता १९२० ला १०२४ ने भागा: १.८७५. आणि १०८० ला ७६८ ने भागा: १.४ च्या आसपास. एका ठिपक्याचे आडवे पावणेदोनहून अधिक आणि उभे जवळजवळ दीड ठिपके करायचे. अर्धा-पाऊण ठिपका तर पेटवता येत नाही. म्हणून मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत थोडा थोडा करडा रंग वाटून देतो. त्या करड्यात नुक्ते विरघळत होते. शिवाय आडवे ताणणे उभ्याहून एकतृतीयांशाने जास्त, म्हणून अलिफ जाड आणि नुक्ता चपटा. थोरलीचे बारा आणि नऊ हे तेच.

पूर्वीच्या जाड काचेच्या, डब्यासारख्या मॉनिटरांना असे ठरलेले अंगचे ठिपके नव्हते, त्यामुळे कोणतेही रिझोल्यूशन लावले तरी ते खपून जाई. ती सवय आपल्याला अजून आहे. आणि आमच्या जुन्या पंधरा इंची सपाट मॉनिटरचे अंगचे माप नेमके १०२४ × ७६८ होते, म्हणून तिथे सगळे ठीक होते.

हे अब्बांना समजावून सांगताना आम्ही मास्तरकीच्या थाटात सुरुवात केली. ती पुरी व्हायच्या आधीच त्यांनी थांबवले. ते म्हणाले, ही तर कतची गोष्ट झाली. कातिबाच्या कलमाचे टोक तिरके छाटलेले असते. ते कागदावर टेकवून जो चौकोनी ठिपका उमटतो तो कत, आणि सगळी अक्षरे त्याच मापाने मोजतात. नस्तालीकमध्ये अलिफ तीन कतचा. मोठा अलिफ हवा असेल तर जाड टोकाचे कलम घ्यायचे, म्हणजे कत मोठा होतो आणि माप तीनच राहते. तेच कलम ठेवून अलिफ ओढून मोठा केला तर उस्ताद कागद फाडून हातात द्यायचे. आम्ही फळ्यावर अर्धा तास घेतला असता ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितले.

आता दुरुस्ती. आधी माऊसचे उजवे बटण दाबून डिस्प्ले सेटिंग्ज उघडली. तिथे 'डिस्प्ले रिझोल्यूशन' अशी यादी असते आणि मॉनिटरच्या अंगच्या मापापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते. बहुतेक घरांत काम इथेच संपते. ते निवडायचे आणि झाले. आमच्या यादीत मात्र १०२४ × ७६८ च्या वर काही नव्हतेच. पुन्हा दुकानात फोन. उत्तर आले, "सर, तुमचा सीपीयू जुना झाला, एवढंच येणार. नवीन घेऊन टाका." हे उत्तर आम्हाला पटण्याच्या बेतात होते. फरकाच्या हप्त्यातून उरलेले पैसे थोरलीच्या अकरावीसाठी बाजूला ठेवले होते, ते मोडायची भाषा सुरू झाली. पण तिनेच हट्ट धरला की आधी शोधू.

डिव्हाइस मॅनेजर नावाच्या जागी 'डिस्प्ले अडॅप्टर्स' खाली पाहिले, तर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव. हे नाव दिसले की समजावे, संगणकातल्या चित्र काढणाऱ्या भागाचा खरा ड्रायव्हर टाकलेलाच नाही, तात्पुरत्यावर काम चालू आहे. मागे हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकले होते, तेव्हा हे राहून गेले असणार. इंटरनेट चांगले असेल तर विंडोज ड्रायव्हर स्वतः शोधून घेते, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरेलच असे नाही. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घेतला. तो तिथूनच घ्यावा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' असे सांगणारी कुठली तरी भलती वस्तू उतरवून घेऊ नये. आमच्या एका सहकाऱ्यांचा संगणक त्यात आजारी पडला होता.

यादी लांबली. पण १९२० × १०८० नाहीच! मॉनिटरच्या नावाच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असे लिहिलेले. म्हणजे संगणकाला समोर कोण बसले आहे हेच कळत नव्हते. मॉनिटर सुरू होताना केबलमधूनच संगणकाला आपली ओळख कळवतो: मी अमुक, माझे माप अमुक. व्हीजीए केबलमध्ये हे काम दोन पिना करतात, तिसऱ्या ओळीतली दुसरी आणि शेवटची, म्हणजे बारावी आणि पंधरावी. केबल काढून उजेडात धरली. शेवटची पिन मुळापासून तुटलेली. किती वर्षांपूर्वी तुटली कोणास ठाऊक. जुन्या मॉनिटरला योगायोगाने ठरीव मापच लागत होते, म्हणून कधी कळले नाही. (मधल्या ओळीतली चौथी पिन, म्हणजे नववी, बऱ्याच केबलींमध्ये मुळातच नसते. ती जागा रिकामी दिसली म्हणून घाबरू नये.)

नवी केबल अडीचशे रुपयांना मिळाली. लावली, संगणक बंद करून सुरू केला, आणि यादीत १९२० × १०८०, पुढे 'रेकमेंडेड'. निवडले. अक्षरे थोडी थरथरल्यासारखी वाटली. व्हीजीएवर असे होते, मॉनिटरच्या अंगावरचे 'ऑटो' बटण एकदा दाबले की तो आपली जाळी जुळवून घेतो.

आणि तेव्हा नवीच अडचण समोर आली. सगळे स्वच्छ दिसू लागले, पण बारीक! धाकटा लगेच म्हणाला, "दादाजानसाठी रिझोल्यूशन कमी करू या का? अक्षरं मोठी होतील." आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांसाठी हाच उपाय प्रेमाने केला जातो, आणि कार्यालयांतही कितीतरी जण तसेच काम करतात. हे म्हणजे कलम न बदलता अलिफ ओढणे. रिझोल्यूशनला हात लावायचा नाही. त्याच पानावर 'स्केल' नावाची दुसरी यादी असते: १०० टक्के, १२५, १५०. ती वाढवली की अक्षर मोठे होते आणि ठिपके मात्र सगळे वापरात राहतात, म्हणून धार कायम. अब्बांसाठी १५० केले. वर्तमानपत्र उघडल्यावर कंट्रोल दाबून अधिकचे चिन्ह दाबायचे, हे ते स्वतः शिकले.

एक खरे सांगायला हवे. काही वर्तमानपत्रे संगणकावर पान टाकताना त्याचा हलका फोटोच टाकतात. तो फोटोच पुसट असेल तर मॉनिटर काही करू शकत नाही. अशा पानांवर अब्बा आजही चिडतात, पण आता ते छापणाऱ्यावर चिडतात.

ज्यांना याहून मोठा मॉनिटर घ्यायचा आहे त्यांनी आधी आपल्या संगणकामागे कोणती जागा आहे ते पाहून जावे. २५६० × १४४० चा सत्तावीस इंची मॉनिटर दिसायला देखणा असतो, पण बऱ्याच जुन्या एचडीएमआय जागा १९२० × १२०० च्या पुढे जात नाहीत. तिथे डिस्प्लेपोर्ट असेल तर ते वापरावे लागते. ३८४० × २१६० चे जुन्या १.४ एचडीएमआयवर सेकंदाला तीसच चित्रे मिळतात, माऊस ओढल्यासारखा चालतो. टीव्हीलाच संगणक जोडणाऱ्यांना चित्राच्या कडा कापलेल्या दिसत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असे काही शोधावे.

चष्मा कपाटातून थोरलीने काढला. अब्बा बसले, पानावरून नजर फिरवली, बोट स्क्रीनजवळ नेले आणि एका 'पे'खालचे नुक्ते मोजले. तीन. मग मथळ्यातल्या एका शब्दावर थांबून म्हणाले, या 'ये'ची ओढ मी अशी घेतली नसती. त्यानंतर अस्रपर्यंत ते उठले नाहीत. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, चहा सांग.

दुसऱ्या दिवशी शाळेत संगणकाच्या खोलीत जाऊन थोरलीची पट्टी घेऊन बसलो. आठ मॉनिटर आहेत. पाचांवरचा चौरस आयत निघाला. त्या स्क्रीनवर मुले दोन वर्षे उर्दू आणि मराठी टाइप करत होती, आणि 'डोके दुखते' म्हणणाऱ्या एका मुलीला आम्हीच मोबाइल कमी पाहायला सांगितले होते. तीन मॉनिटर त्याच तासाला सेटिंगमधून नीट झाले. उरलेल्या दोघांच्या केबली पुढच्या आठवड्यात परभणीहून आणायच्या आहेत.